पॉडकास्टला व्हिडिओ जोडल्यावर नऊ महिने: आमचा अनुभव

कारागिरांशी गप्पा मारणारा आमचा मराठी पॉडकास्ट साडेतीन वर्षं निव्वळ आवाजावर चालला. प्रश्न मी विचारते, रेकॉर्डिंग आणि एडिटिंग माझा मावसभाऊ बघतो. "यूट्यूबवर का टाकत नाही?" असं जो तो विचारायचा. त्यांना उत्तरं देऊन देऊन दमलो आणि गेल्या वर्षी व्हिडिओ सुरू केला. नऊ महिन्यांत चौदा भाग झाले. व्हिडिओ जोडावा की नाही या विचारात जे आहेत त्यांच्यासाठी हे सविस्तर लिहितेय.

तसं आम्ही यूट्यूबवर आधीपासून होतो. आपली आरएसएस फीड (नवे भाग सगळ्या ॲपवर आपोआप पोचवणारी यादी) जोडली की यूट्यूब प्रत्येक भागावर मुखपृष्ठाचं चित्र लावून त्याचा व्हिडिओ करून टाकतं. 2024 मध्ये गूगल पॉडकास्ट्स बंद झालं तेव्हा तिकडचे श्रोते यावेत म्हणून आम्ही ही सोय घेतली होती. लोक यायचे आणि हलत नसलेलं चित्र बघून निघून जायचे. महिन्याला 100 कोटी लोक आपल्याकडे पॉडकास्ट बघतात-ऐकतात, असं यूट्यूबनं फेब्रुवारी 2025 मध्ये जाहीर केलं, आणि मग घरातल्या चर्चेला उत्तरच उरलं नाही.

महागडा कॅमेरा घेतला नाही. दोघांचे दोन फोन, दोन ट्रायपॉड आणि एक एलईडी पॅनल. आवाजाला मात्र हात लावला नाही: तोच जुना रेकॉर्डर, तेच कॉलरचे दोन माइक. सुरुवातीला सगळं चालू करून एक जोरात टाळी वाजवायची आणि एडिटिंगमध्ये त्या टाळीवर चित्र आणि आवाज जुळवायचे. चित्र थोडं कमीजास्त असलं तरी लोक बघतात, पण आवाज घुमला तर दोन मिनिटांत जातात. या बाबतीत माझं मत नऊ महिन्यांत जराही बदललेलं नाही.

पहिल्याच भागात चित्रावर काळसर पट्टे सरकताना दिसले. कारखान्यात जुनी ट्यूबलाइट होती. आपल्याकडची वीज 50 हर्ट्झची, म्हणजे अशी ट्यूब सेकंदाला 100 वेळा लुकलुकते. फोन सेकंदाला 30 चित्रं घेत होता आणि दोघांचा मेळ बसत नव्हता. सेकंदाला 25 फ्रेम (चित्रं) आणि शटर, म्हणजे प्रत्येक चित्राला उजेड घ्यायचा वेळ, 1/50 सेकंद ठेवला आणि पट्टे गेले. फोनच्या नेहमीच्या कॅमेऱ्यात शटर हातात मिळत नसेल तर ब्लॅकमॅजिक कॅमेरा हे ॲप फुकट आहे, त्यात मिळतं.

दुसरी अडचण कळायला दोन भाग गेले. सुरुवातीला ओठ आणि आवाज अगदी जुळलेले, पण तासाभराच्या शेवटी ओठ पुढे गेलेले. फोन उजेडाप्रमाणे फ्रेमचा वेग कमीजास्त करतो, आणि रेकॉर्डरचं आणि फोनचं घड्याळही तंतोतंत एक नसतं. आता फोनची फाइल आधी हँडब्रेक या व्हिडिओ बदलून देणाऱ्या सॉफ्टवेअरमधून काढून फ्रेमचा वेग पक्का करून घेतो, रेकॉर्डर 48 किलोहर्ट्झवर ठेवतो, आणि मुलाखतीच्या मध्ये आणि शेवटी पुन्हा एकेक टाळी वाजवतो.

जागेचा हिशेब आधीच करा. आमचा एक तासाचा आवाज 43 एमबीत मावायचा. फुल एचडी व्हिडिओ मिनिटाला साधारण 60 एमबी घेतो, म्हणजे एका फोनचे तासाला साडेतीन जीबी, आणि फोन दोन. एडिटिंग एका संध्याकाळचं होतं ते तीन संध्याकाळचं झालं. आवाजात खोकला, अडखळणं, एकच गोष्ट दोनदा सांगणं गुपचूप काढता यायचं. व्हिडिओत तसं कापलं की माणसाची मान टुणकन उडी मारते. त्यासाठी हातांची, अवजारांची, भिंतीवरच्या फोटोंची जास्तीची दृश्यं घेऊन ठेवावी लागतात.

हे सगळं सवयीनं जमतं. पण ज्यासाठी खरं तर लिहायला बसले, ते मिरजेत घडलं.

मिरजेत सतार आणि तंबोरा घडवण्याचं काम दीडशेहून अधिक वर्षं चालू आहे. 2024 मध्ये दोन्ही वाद्यांना भौगोलिक मानांकनही मिळालं. तिथल्या एका वयस्कर कारागिरांकडे, चाचांकडे, आम्ही गेलो. व्हिडिओ सुरू करण्याआधी त्यांच्याशी फोनवर तासभर बोलणं झालं होतं. पंढरपूरकडून भोपळे कसे येतात, भोपळा टकटक वाजवून कसा पारखायचा, भरभरून सांगत होते. प्रत्यक्षात गेलो तर चाचा कडक इस्त्रीचा सदरा घालून खुर्चीत ताठ बसलेले. दोन्ही हात मांडीवर. लाइट लावला आणि बोलणं आटलं. प्रत्येक प्रश्नाला "हो", "बरोबर", "तसंच". वीस मिनिटं अशी गेली. मला फार वाईट वाटलं, कारण एवढा बोलका माणूस आमच्या सामानामुळे गप्प झाला होता.

शेवटी त्यांनीच विचारलं, "काम करत बोललं तर चालंल का?"

लाइट बंद केला, समोरचा फोन काढला. दुसरा फोन खाली, त्यांच्या हातांवर लावला. चाचा जमिनीवर बसले, तंबोरा आडवा घेतला आणि जवारी काढायला, म्हणजे घोडी घासून सूर उघडायला लागले. घोडीच्या, म्हणजे तारा जिच्यावर टेकतात त्या पट्टीच्या, माथ्याला किंचित बाक असतो आणि तार त्या बाकाला जेमतेम घासत राहते. त्यातून तो भरलेला, गुंजणारा सूर निघतो. चाचा कानशीचे दोन हात मारायचे, बोटानं चाचपायचे, तार छेडायचे, पुन्हा कानस. मग तारेखाली सूत सरकवलं. केसभर पुढे, केसभर मागे, आणि एका जागी आवाज एकदम उघडला. त्या चौदा मिनिटांत त्यांनी जे सांगितलं ते खुर्चीत बसून कधीच सांगितलं नसतं. आमच्या सगळ्या भागांत लोक शेवटपर्यंत सर्वांत जास्त टिकले ते याच भागात, आणि त्यात चेहरा जवळजवळ नाहीच.

भाग लागल्यावर आठवड्यानं एका जुन्या श्रोत्यांचा व्हॉइस मेसेज आला. त्यांना दिसत नाही. पहिल्या भागापासून ऐकतात. ते म्हणाले, "ताई, हल्ली तुम्ही लोक 'हे असं', 'इथून तिथे' फार म्हणता. पूर्वी तुम्ही विचारायचात, म्हणून मला समजायचं."

मी जुने आणि नवे भाग लागोपाठ ऐकले. त्यांचं म्हणणं शंभर टक्के खरं होतं. पूर्वी कारागीर "असं" म्हणाला की मी लगेच विचारायचे, "म्हणजे कानस आडवी की उभी? किती जोरानं?" कॅमेरा आल्यावर मी विचारणंच सोडलं होतं, कारण मला दिसत होतं. पुण्यातल्या तांबट आळीतल्या भागात तर मठारकामाची, म्हणजे तांब्याच्या भांड्यावर हातोडीचे ठोके देण्याची, अख्खी कृती ठोक्यांच्या आवाजात निघून गेलीय, शब्द जेमतेम चार. आमचे निम्म्याहून जास्त श्रोते अजूनही स्वयंपाक करताना, गाडी चालवताना ऐकतात. त्यांच्या वाट्याला नुसती ठकठक आली.

त्या दिवसापासून वहीत पहिल्या ओळीवर लिहिलेलं असतं: न बघणाऱ्यासाठी विचार.

एक इशारा आकड्यांबद्दल. ऐकण्याच्या एका मोठ्या ॲपवर आम्ही व्हिडिओ चढवला, तेव्हा तिथे आमच्या फीडवरच्या आवाजाची जागा त्या व्हिडिओनं घेतली. त्यामुळे तिथलं ऐकणं आमच्या होस्टिंगच्या, म्हणजे आमच्या फाइल ठेवणाऱ्या सेवेच्या, मोजणीतून गळलं. प्रायोजकाला महिन्याचा आकडा दाखवताना तो अचानक खाली आलेला दिसला आणि समजावता समजावता नाकीनऊ आले. आता तिथे फक्त आवाज ठेवतो आणि व्हिडिओ एकट्या यूट्यूबवर. व्हिडिओ चढवण्याआधी आपल्या होस्टिंगवाल्यांना हे नक्की विचारून घ्या.

सध्या आमची पद्धत अशी: मुलाखत आधी कॅमेऱ्याशिवाय, चहा घेत, फक्त आवाजावर. मग पाहुण्यांची तयारी असेल तर कामाचा व्हिडिओ, पंधरा-वीस मिनिटांचा, एका फोनवर, हातांवर रोखलेला. जिथे हाताला काम नाही, नुसत्या आठवणी आहेत, तिथे व्हिडिओ करतच नाही. चौदापैकी पाच भागांना व्हिडिओ नसता तरी काही बिघडलं नसतं, असं आज वाटतं. मिरजेच्या भागाला तो नसता तर मात्र मी स्वतःला माफ केलं नसतं.

पुढच्या महिन्यात पैठणीसाठी येवल्याला जायचंय. मावसभाऊ म्हणतो, मागावर दोन फोन लावू, एक वरून, एक बाजूनं. मी त्याला सांगितलंय, लाव, पण काठातला मोर कसा विणतात ते आधी डोळे मिटून ऐकायचंय मला.