अर्टिगा सीएनजी की सेकंडहँड पोलो?

घरात माणसं चार, पण सणावाराला सात. नाशकात गाडी घ्यायची म्हटलं की बहुतेकांचं घोडं इथेच अडतं. एकीकडे मारुतीची सात सीटांची अर्टिगा सीएनजी, दुसरीकडे चालवायला मजा येईल असं काहीतरी. माझ्यापुरतं ते 'काहीतरी' म्हणजे फोक्सवॅगनची २०२० नंतरची १.० टीएसआय (टर्बो पेट्रोल) पोलो, मॅन्युअल गिअरची. पोलो २०२२ मध्ये बंद झाली, त्यामुळे आता जुनीच घ्यावी लागते. अर्टिगा धाकट्या भावाकडे आहे, पोलो माझ्याकडे. कल कुठे आहे ते कळलंच असेल, तरी अर्टिगाची बाजू आधी.

गावात अर्टिगाच बरी, यात वाद नाही. सिंहस्थाच्या कामांसाठी इतके रस्ते खोदलेत की उंच बसायला मिळणं हेच सुख वाटतं. आई गुडघे न दुमडता आत बसते. माझ्या गाडीत तिला हात द्यावा लागतो आणि उतरताना दोन वाक्यं ऐकावी लागतात. मागे तीन मोठी माणसं बसली की त्र्यंबक येईपर्यंत कुरकुर सुरू. दिंडोरीकडच्या गावांतले गतिरोधक पोलोने तिरके घ्यावे लागतात, अर्टिगा सरळ निघून जाते. आणि समृद्धीवरून मुंबईला जायचं असेल तर दोन्हीत फार फरक राहत नाही. २०२५ मध्ये इगतपुरी ते आमणे हा शेवटचा टप्पा सुरू झाल्यापासून कसाऱ्याची वळणंही टाळता येतात. सरळ काँक्रीटवर मजेच्या गाडीची मजा ती काय!

मजा आहे वणीवरून सापुताऱ्याला जाताना, किंवा त्र्यंबकहून जव्हारकडे उतरताना. सीएनजीवर अर्टिगाची ताकद पेट्रोलच्या १०३ पीएसवरून ८८ वर येते. सात माणसं, एसी चालू आणि नांदुरीवरून सप्तशृंगी गडाचा चढ असेल, तर दुसरा गिअर सोडवत नाही. वळणावर मागच्या रांगेतली पोरं एकमेकांवर कलंडतात. पोलोचा १७५ एनएम टॉर्क, म्हणजे इंजिनची ओढ, १,७५० आरपीएमपासूनच हाताशी असतो. तिसऱ्यात ठेवा आणि निवांत चढा. स्टीअरिंग फिरवलं की गाडी तिथेच वळते. हे आकड्यांत सांगता येत नाही, पण वणीला एकदा नेलीत की समजेल.

तरीही एवढ्यावर मी पोलो घेतली नसती. घाट महिन्यातून एखाद्या वेळी येतो, रोज नाही. माझा निर्णय झाला तो गॅसच्या रांगेत.

जिथे पाइपलाइन पोचलेली नाही त्या पंपांवर गॅस ट्रकमधून येतो. ट्रकवरच्या सिलिंडरांतला दाब उतरत गेला की भरणंही मंदावतं आणि नंबर लागेस्तोवर आतून आवाज येतो, "प्रेशर नाही." टाकी अर्धी भरते, म्हणजे पुढची रांग लवकरच. एकटा माणूस असेल तर मोबाइल बघत वेळ काढेल. पण गॅस भरताना सगळ्यांना खाली उतरावं लागतं. नियम सुरक्षेचा आहे, त्याबद्दल तक्रार नाही. पण सात माणसांची गाडी सात माणसांनी भरून काढायची आणि वाटेत ती रिकामी करायची! मधली सीट दुमडल्याशिवाय मागचे निघत नाहीत, पिशव्या पायात, एप्रिलचं ऊन, आजी एका हाताने दार धरून उभी. पुन्हा सगळे आत बसेपर्यंत मागचा रिक्षावाला हॉर्नवरून हात काढत नाही.

"मग पेट्रोलवर चालव की," असं भाऊच म्हणतो. चालवतोही. पण मग सीएनजीचे जास्तीचे पैसे कशाला मोजले? शिवाय सिलिंडर डिकीत, त्यामुळे सातजणांचं सामान कॅरिअरवर.

अर्थात, तुम्ही रोज सिन्नरला कामाला जात असाल, बरोबर एक-दोघे असतील आणि पहाटे गॅस भरायची सवय असेल, तर माझं काही ऐकू नका. सीएनजी खर्च भरून काढेल. खरोखर सातजण नेहमी फिरत असतील तर साधी पेट्रोल अर्टिगा बघा, ती मला सीएनजीपेक्षा बरी वाटते. बाकीच्यांनी मात्र वर्षातल्या चार प्रवासांसाठी रोज सात सीटा फिरवायच्या का, हे बघावं. मोठी गाडी त्या चार वेळा भाड्यानेही मिळते.

जुनी पोलो घ्यायची तर सर्व्हिसची नोंद पूर्ण असलेलीच घ्या. देखभाल मारुतीपेक्षा महाग पडते, ते धरून चाला. इंजिन मात्र फोक्सवॅगनच्याच टायगुन आणि व्हर्टसमध्ये अजून येतं, त्यामुळे त्याच्या सुट्या भागांची मला तरी धास्ती वाटत नाही. आणि अर्टिगाची टेस्ट ड्राइव्ह घरच्या सगळ्यांना घेऊनच करा. शोरूमवाले एकट्याला कॉलेज रोडवरून चक्कर मारून आणतात, त्यात तिसऱ्या रांगेचं काहीच कळत नाही.