१४९ रुपयांचं ॲप अन् आमची रेवा

नागपूरच्या महाल भागात आमचं पत्रिका छापायचं दुकान आहे. मजकूर जुळवायला मीच बसते, त्यामुळे नावांशी रोजचाच संबंध. लग्नपत्रिकेत नवरी स्नेहल नाहीतर प्राजक्ता, तिची आजी शकुंतला नाहीतर कुसुम. बारशाच्या पत्रिकेत ओवी, अन्वी, आर्वी. (आर्वी म्हटलं की मला वर्धा जिल्ह्यातलं गावच आठवते, पण आपण कोण बोलणारे!) तरी भावाला मुलगी झाली अन् आत्या म्हणून माझीच पंचाईत झाली. वहिनीनं मोबाइलवर नावं सुचवणारं एक ॲप घेतलं, वर्षाचे १४९ रुपये. दहा दिवस दोघींनी तेच उपसलं, म्हणून लिहून राहिली.

पहिले चांगलं सांगते. जन्मवेळ टाकली की नक्षत्र, चरण, अक्षर बरोबर निघते. स्वातीचं दुसरं चरण, अक्षर ‘रे’, तूळ रास. गुरुजींनीही तेच सांगितलं.

अर्थाच्या रकान्यात मात्र सगळा गोंधळ. रेवावर बोट ठेवलं तर अर्थ आला ‘तारा’. अरे बाप्पा, ती रेवती! सत्ताविसावं नक्षत्र. रेवा म्हणजे नर्मदा.

त्याच दिवशी संस्कृतचे एक निवृत्त प्राध्यापक नातीच्या पत्रिकेचं प्रूफ पाहायला आले होते. त्यांना विचारलं तर ते काउंटरवरच रंगले. मूळ धातू ‘रेव्’, म्हणजे उड्या घेत जाणं. भेडाघाटचा नर्मदेचा धुवांधार धबधबा पाहिलेल्याला हे समजावून सांगायची गरज नाही. मग म्हणाले, ‘‘पोरी, हे नाव तर आपल्या दारातलं आहे. ‘मेघदूता’तला यक्ष रामगिरीवर राहतो. रामगिरी म्हणजे आपलं रामटेक, असं संस्कृतचे अभ्यासक वा. वि. मिराशींनी मांडलं. तिथून तो ढगाला उत्तरेची वाट सांगतो. विंध्याच्या पायथ्याशी खडकांत फुटून वाहणारी रेवा तुला दिसेल म्हणतो, हत्तीच्या अंगावर नक्षीच्या रेघा ओढाव्या तशी.’’ शाळेच्या सहलीत मी रामटेकचं कालिदास स्मारक पाहिलं होतं, पण तेव्हा सगळं लक्ष डब्यातल्या पुऱ्यांवर. काकांच्या प्रूफात त्या दिवशी दोन चुका राहिल्या, पण आमचं नाव ठरलं.

ॲपमध्ये ‘लोकप्रियता’ असाही रकाना आहे. तिथं झाडून सगळी नावं ‘अतिशय लोकप्रिय’, रेयांशीसुद्धा. किआराला चक्क संस्कृत ठरवलंय. ते इटलीतलं नाव, लॅटिन ‘क्लारुस’वरून आलेलं, अर्थ उजळ, स्वच्छ. छान अर्थ आहे, मग खोटं कुळ काहून चिकटवायचं? अन् ‘श्रद्धा’ सगळीकडे ‘श्रध्दा’. आमच्या दुकानात असं छापलं तर गिऱ्हाईक गठ्ठा तोंडावर फेकेल.

बारशाला मी ‘कुर्रर्र’ करून रेवा म्हटलं, बायांनी पाठीत धपाटे घातले, पोरगी झोपेतच होती. ॲपचं तयार निमंत्रण वापरलं नाही, पत्रिका मीच जुळवली.

पाचपैकी दोन तारे, तेही अक्षराच्या हिशेबाचे. पैसे भरूनही जाहिराती येतातच. अन् वर्ष संपलं की पैसे आपोआप कापले जातात, ते आधीच बंद करून ठेवा. वहिनीचं मी कालच केलं.