टेफ्लॉनच्या जाळीचे नरसाळे : पाणी कोणते अडते, कोणते निसटते

ग्रास कटर, फवारणीचा पेट्रोल पंप, पॉवर वीडर किंवा लहान होडीचे आउटबोर्ड इंजिन वापरणाऱ्यांच्या माहितीत गेल्या काही वर्षांत एक खास प्रकारचे नरसाळे आले आहे. इंधन ओतताना पाणी आणि कचरा मागे राहतो आणि टाकीत केवळ स्वच्छ पेट्रोल उतरते, असा त्याच्या विक्रेत्यांचा दावा असतो. साध्या प्लॅस्टिकच्या नरसाळ्याच्या कित्येक पट किंमत मोजून ते घ्यावे की नाही, हा प्रश्न विशेषतः कोकणातल्या बागायतदाराला पडतो, कारण त्याची बेणणी, म्हणजे बागेतले गवत-झुडूप कापणे, ऐन पावसाळ्यात असते आणि टाकी भरायचे काम बहुधा आंब्याच्या झाडाखाली, पानांवरचे पाणी टपकत असतानाच करावे लागते. आमच्या बागेत हे नरसाळे सध्या नेहमीच्या वापरात आहे. ते उपयोगी आहे, परंतु त्याच्या खोक्यावर जेवढे लिहिलेले असते तेवढे ते करत नाही, आणि यातला फरक नेमका आजच्या पेट्रोलच्या घटनेत आहे.

प्रथम बांधणी. काळ्या, जाड प्लॅस्टिकचे हे नरसाळे आत पाहिल्यावर नेहमीच्या नरसाळ्यासारखे उतरते नसते. तळाशी एक सपाट खळगा असतो आणि त्या खळग्यातून वर आलेल्या नळीवर टेफ्लॉनचा लेप दिलेली स्टीलची बारीक जाळी बसवलेली असते. पाणी पेट्रोलपेक्षा जड असते. भारतीय मानकाप्रमाणे पेट्रोलची घनता १५ अंश सेल्सिअसला घनमीटरमागे ७२० ते ७७५ किलोग्रॅम, तर पाण्याची सुमारे १०००. त्यामुळे ओतलेल्या इंधनातले पाणी आणि माती खळग्यात बसते आणि वरचे पेट्रोल जाळीतून खाली जाते. जाळीच्या बारीकपणाचा अंदाज यावा म्हणून सांगायचे, तर २०० मेशच्या, म्हणजे एका इंचात २०० छिद्रे असलेल्या, जाळीचे छिद्र ७४ मायक्रॉनचे, म्हणजे माणसाच्या केसाच्या जाडीएवढे असते. कार्बोरेटरच्या (पेट्रोल आणि हवा मिसळणाऱ्या भागाच्या) जेटमध्ये, म्हणजे पेट्रोलच्या बारीक भोकात, अडकणारे वाळूचे कण, गंजाचे पापुद्रे आणि गवताचे तूस एवढ्या छिद्रात सहज अडतात.

पाणी मात्र छिद्राच्या आकारामुळे अडत नाही, कारण त्या छिद्राच्या मानाने पाण्याचे रेणू कितीतरी लहान असतात. ते अडते पृष्ठताणामुळे. टेफ्लॉनला पाणी भिजवू शकत नाही, त्यामुळे ते थेंबांच्या रूपात जाळीवर तरंगत राहते. पेट्रोलचा पृष्ठताण पाण्याच्या एक-तृतीयांशाहूनही कमी असल्याने ते जाळीला भिजवून पार होते. फडक्यातून पेट्रोल गाळण्याच्या आपल्याकडच्या जुन्या पद्धतीत कचरा अडतो, पण पाणी अडत नाही, आणि फडक्याचेच तंतू टाकीत जातात ते वेगळेच. विमानांच्या सुरुवातीच्या काळात वैमानिक याच कामासाठी शॅमॉय नावाचे मऊ चामडे वापरत असत. जाळीचे नरसाळे ही त्याच कल्पनेची अधिक टिकाऊ आवृत्ती म्हणता येईल.

या तत्त्वामुळे खरेदी करताना एक परीक्षा दुकानातच करता येते. कोरड्या नरसाळ्यात तांब्याभर नव्हे, वाटीभर पाणी ओतावे आणि जाळी बुडू द्यावी. पाणी थांबले, खालून थेंबही पडला नाही, तर लेप खरा आहे. बाजारात याच आकाराची, पितळी किंवा साध्या स्टीलच्या जाळीची स्वस्त नरसाळी ‘पाणी वेगळे करणारी’ म्हणून विकली जातात. त्यांच्यातून पाणी सरळ वाहून जाते. कचरा गाळण्यापुरती ती वाईट नाहीत, परंतु त्यांच्यावरची ती ओळ खोटी आहे. दुकानदार पाणी ओतू देत नसेल, तर त्यातूनही उत्तर मिळतेच.

प्रत्यक्ष वापरात कचऱ्याच्या बाबतीत नरसाळ्याला मी पूर्ण गुण देतो. जुन्या पत्र्याच्या डब्यातून पेट्रोल ओतल्यावर खळग्यात तांबडा गाळ दिसू लागतो आणि आजवर तो कुठे जात होता याचा उलगडा होतो. मोकळ्या पाण्याच्या बाबतीतही, म्हणजे झाकणाच्या कडेने कॅनमध्ये उतरलेले पावसाचे पाणी पेट्रोलखाली स्वतंत्र साचलेले असेल तेव्हा, निकाल स्वच्छ असतो. मात्र दोन अटी पाळाव्या लागतात. नरसाळे काठोकाठ भरू नये, कारण जाळी पाण्याला ठरावीक दाबापर्यंतच थोपवू शकते. तसेच खळग्यात उरलेले शेवटचे इंधन कधीही टाकीत उपडे करू नये. तेवढे पेट्रोल प्रत्येक वेळी मागे राहणारच. ते एका काचेच्या बाटलीत काढून स्थिर होऊ द्यावे म्हणजे पाणी किती होते ते डोळ्यांना दिसते. ओतण्याचा वेग मात्र कमी आहे. ग्रास कटरच्या टाकीत लिटरभरही पेट्रोल मावत नाही, तिथे हे जाणवत नाही; पाणी उपसण्याच्या मोठ्या पंपाची टाकी भरताना हात अवघडतो.

आता इथेनॉलविषयी, कारण या नरसाळ्याचा खरा कस इथे लागतो. भारतात २० टक्के इथेनॉल मिसळलेले पेट्रोल, म्हणजे ई-२०, फेब्रुवारी २०२३ मध्ये विक्रीस आले आणि आज पंपावर बहुतेक ठिकाणी तेच मिळते. निव्वळ पेट्रोलच्या एका लिटरात जेमतेम चार-पाच थेंब पाणी विरघळते. १० टक्के इथेनॉलच्या पेट्रोलात, १५-१६ अंश तापमानाला, हे प्रमाण लिटरमागे सुमारे ५ मिलिलिटर होते आणि ई-२० मध्ये त्याहून अधिक. याचा पहिला परिणाम चक्क फायद्याचा आहे : कॅनमध्ये पावसाचे थोडे थेंब पडले तर ते पेट्रोलात विरघळून जातात, नरसाळ्यातून पार होतात आणि इंजिनात फारसा त्रास न देता जळतात. विरघळलेले पाणी जाळीला दिसतच नाही, त्यामुळे ते अडवण्याचा प्रश्नच येत नाही.

त्रास होतो तो मर्यादा ओलांडल्यावर. पाणी जास्त झाले, किंवा पाणी शोषलेले पेट्रोल थंड झाले, की पाणी एकटे वेगळे होत नाही. ते इथेनॉललाही सोबत ओढून तळाशी बसते. पारदर्शक बाटलीत ई-२० घेऊन त्यात चांगले दोन-तीन चमचे पाणी घालून हलवले, तर काही वेळाने तळाशी दिसणारा थर घातलेल्या पाण्यापेक्षा ठळकपणे मोठा भरतो, आणि वाढलेला भाग इथेनॉलचा असतो. हा थर म्हणजे पाणी नव्हे. इथेनॉलचा पृष्ठताण पेट्रोलच्या जवळपास असल्याने त्याचे मिश्रण टेफ्लॉनच्या जाळीला पाण्यासारखे घाबरत नाही. त्यात पाण्याचा वाटा मोठा असेल तर जाळी त्याला बऱ्यापैकी रोखते. इथेनॉलचा वाटा मोठा असेल तर तो पाझरतो. ‘शंभर टक्के पाणी रोखते’ हे वाक्य निव्वळ पेट्रोलच्या काळात खरे असेल, आजच्या पेट्रोलला ते लागू होत नाही.

टू-स्ट्रोक यंत्रांना हा थर विशेष घातक असतो. ग्रास कटरच्या टाकीत इंधन ओढणारी नळी वजनदार फिल्टरसह तळाशीच लोळत असते, म्हणजे सर्वांत आधी ती हाच थर ओढते, आणि त्यात टूटी (2T) ऑइल, म्हणजे अशा यंत्रांसाठी पेट्रोलातच मिसळायचे वंगण, जवळजवळ नसते. वंगणाविना पिस्टन किती वेळ चालेल हे कोणत्याही मेकॅनिकला विचारावे. म्हणून तळाशी थर दिसलेले पेट्रोल नरसाळ्याच्या भरवशावर वापरूच नये. वरवरचे पेट्रोल काढून घेण्याची युक्तीही इथे चालत नाही, कारण इथेनॉल निघून गेल्यावर त्याचा ऑक्टेन, म्हणजे इंजिनात ठोके न देता जळण्याचा गुण, कमी झालेला असतो.

ऑइलसंबंधी आणखी एक गोष्ट माहितीपत्रकात नाही, पण असायला हवी होती. पेट्रोल आधी गाळावे आणि ऑइल नंतर मिसळावे. ऑइलमधली शुद्धीकारक रसायने पाण्याचे बारीक थेंब तरंगत ठेवतात आणि जाळीवर पातळ थर धरून तिचा पाणी झिडकारण्याचा गुण कमी करतात. ५०:१ प्रमाणासाठी लिटरला २० मिलिलिटर आणि २५:१ साठी ४० मिलिलिटर हे माप गाळलेल्या पेट्रोलातच घालणे सोयीचे पडते. याच कारणाने नरसाळे साबणाने कधीही धुऊ नये. बोटे, ब्रश, चिंधी यांपैकी काहीही जाळीला लावू नये. स्वच्छ पेट्रोलने खंगाळून सावलीत वाळवावे आणि झाकून ठेवावे. घरात भांडी घासणाऱ्या माणसाला हे आधीच बजावून सांगावे, कारण चकचकीत घासलेले नरसाळे दिसायला उत्तम पण कामातून गेलेले असते. जाळी सुटी मिळत नाही, ही या उत्पादनाची मोठी उणीव आहे. लेप गेला की अख्खे नरसाळे बदलावे लागते.

नरसाळ्याहून आधी पैसा कॅनवर खर्च करावा, असे माझे स्पष्ट मत आहे. घट्ट झाकणाचा, आतून न गंजणारा धातूचा कॅन असेल, तो भरलेला आणि सावलीत ठेवला असेल, आणि त्यातले पेट्रोल महिन्याभरात संपत असेल, तर नरसाळ्याला अडवण्यासारखे फारसे उरत नाही. अर्ध्या रिकाम्या कॅनमध्ये दमट हवा आत-बाहेर करते आणि इथेनॉल तिच्यातली ओल घेत राहते. कायद्याचा रोखही धातूकडेच आहे : १९३४ च्या पेट्रोलियम अधिनियमानुसार विक्रीसाठी नसलेले ३० लिटरपर्यंतचे पेट्रोल परवान्याविना बाळगता येते, परंतु ते घट्ट बुचाच्या काचेच्या, चिनी मातीच्या किंवा धातूच्या भांड्यात असावे लागते, आणि धातूचे भांडे २५ लिटरहून मोठे चालत नाही. शीतपेयाच्या बाटल्यांना त्यात जागा नाही. नरसाळ्याचे काळे प्लॅस्टिक वीजवाहक असून स्थिर विद्युत साठू देत नाही, असे उत्पादक म्हणतो. तरी यंत्र जमिनीवर टेकवून, इंजिन थंड झाल्यावर आणि नरसाळे टाकीच्या तोंडाला टेकलेले ठेवूनच पेट्रोल ओतावे.

टाकीच्या झाकणाभोवतीचा कचरा हा नरसाळ्याच्या कक्षेबाहेरचा विषय आहे. ग्रास कटरच्या झाकणावर ओल्या गवताचा लगदा चिकटलेला असतो आणि झाकण फिरवताच त्यातला काही भाग आत पडतो; तिथे महागडी जाळी काही करू शकत नाही, आधी पुसून घेणे एवढाच उपाय आहे. टाकीतला फिल्टर आणि कार्बोरेटरचा तळ यांची पाहणीही चालू ठेवावी लागते. फ्लोटच्या, म्हणजे आत तरंगता गोळा असलेल्या, कार्बोरेटरला खाली निचऱ्याचा स्क्रू असतो, तो पावसाळ्यात अधूनमधून सैल करून पाहावा. आत पांढरट भुकटी दिसली तर पाणी कधीचेच पोहोचलेले असते.

पावसात रोज यंत्र चालवणाऱ्या बागायतदाराने, बेणणीची कामे अंगावर घेणाऱ्याने आणि खाडीत लहान इंजिनाची होडी नेणाऱ्याने हे नरसाळे घ्यावे. मधला आकार पुरतो, सर्वांत लहान नरसाळ्याचा खळगा फार लवकर भरतो. वर्षातून चार वेळा अंगणातले गवत कापणाऱ्याने एवढा खर्च करू नये, त्याने त्या पैशांत चांगला कॅन घेऊन पेट्रोल लागेल तेवढेच आणावे. विक्रेत्यांनी माहितीपत्रकात ई-२० विषयी दोन ओळी छापल्या, तर ग्राहकाच्या अपेक्षा आणि नरसाळ्याची कुवत यांचा मेळ बसेल. सध्या तिथे इथेनॉल हा शब्दच नाही.