पुद्दुचेरीत हेरिटेज मुक्काम : कालव्याच्या कोणत्या बाजूला?

पुद्दुचेरीच्या जुन्या शहराचे एका कालव्याने दोन भाग केले आहेत. पूर्वेला समुद्रापर्यंत फ्रेंच वस्ती (व्हाइट टाउन), पश्चिमेला तमिळ वस्ती. हेरिटेज हॉटेलं दोन्हीकडे आहेत आणि एकीकडून दुसरीकडे सहज चालत जाता येतं. फरक आहे तो घरांच्या ठेवणीत.

फ्रेंच घर रस्त्यापासून फटकून असतं : उंच भिंत, फाटक, आत बाग, कमानींचा व्हरांडा. खोल्या प्रशस्त, खिडक्या बाहेर उघडणाऱ्या, त्यामुळे एकांत चांगला मिळतो. तमिळ घराला दाराशीच ओटा, त्यावर कौलारू पडवी आणि आत खांबांचा उघडा चौक. वाड्यात राहिलेल्यांना हे ओळखीचं वाटेल. बऱ्याच घरांत तळमजला तमिळ पद्धतीचा आणि माडीवर कमानदार फ्रेंच खिडक्या, असं मिश्रण दिसतं. वास्तूसाठीच जायचं असेल तर तमिळ बाजू निवडा. असं मिश्रण दुसरीकडे सहसा मिळत नाही. पण चौकाभोवतीच्या खोल्यांच्या खिडक्या चौकातच उघडतात. पडदे ओढून बसावं लागतं आणि रात्री खाली चाललेल्या जेवणाच्या गप्पा वर ऐकू येतात. मार्गळी महिन्यात, म्हणजे डिसेंबरच्या मध्यापासून जानेवारीच्या मध्यापर्यंत, देवळांचे भोंगे पहाटेच सुरू होतात. हाच गर्दीचा हंगाम.

ज्येष्ठ मंडळी बरोबर असतील तर फ्रेंच बाजू सोयीची. रस्ते सपाट आणि शांत, मनकुळ विनायगर मंदिर जवळ, समुद्रकाठचा रस्ता संध्याकाळी ६ ते सकाळी ७.३० वाहनांना बंद. पोहायला मात्र हा किनारा नाही. बहुतेक भागात दगडांचा बांध आहे.

हॉटेल ठरलं तरी खोली कोणती, हे विचारल्याशिवाय पैसे भरू नका. पाऊस इथे मुख्यतः ऑक्टोबर ते डिसेंबर पडतो. चुन्याच्या जुन्या भिंती जमिनीतली ओल वर ओढतात. त्यावर प्लॅस्टिक रंग चढवला असेल तर ओल आत कोंडते, पोपडे सुटतात आणि खोलीला कुबट वास येतो. या महिन्यांत माडीवरची खोली घ्या. जिने मात्र अरुंद आणि उभे असतात, लिफ्ट क्वचितच. एप्रिल-मेमध्ये उलट : गच्चीखालची खोली संध्याकाळी तापलेली असते आणि उंच छतामुळे एसीला वेळ लागतो, म्हणून तळमजला बरा. कालव्याला लागून असलेली खोली कोणत्याही महिन्यात टाळावी. वासाचा भरवसा नाही.

सारख्या दर्जाची खोली फ्रेंच बाजूला सहसा महाग पडते. शनिवार-रविवारी चेन्नई-बंगळुरूची गर्दी असते, तेव्हा दर चढतात. ७,५०० रुपयांपर्यंतच्या खोलीवर जीएसटी ५ टक्के, त्यापुढे १८. म्हणजे ७,४०० ची खोली ७,७७० ला पडते आणि ७,८०० ची थेट ९,२०४ ला.

स्वतःची गाडी असेल तर पार्किंग आधी विचारा. दोन्हीकडे गल्ल्या अरुंद आहेत. तमिळ बाजूला रविवारी महात्मा गांधी रस्त्यावर बाजार भरतो, त्या दिवशी तिथून गाडी काढायचा बेत नको. दादरहून पुण्यामार्गे थेट पुद्दुचेरीला येणारी चालुक्य एक्सप्रेस आहे. तिने आलात तर रेल्वे स्थानकापासून दोन्ही वस्त्यांना रिक्षा पुरते, पण बसण्याआधी भाडं ठरवून घ्या.