गादी सरकलीच नव्हती

धाकट्या भावाची कंबर दोन वर्षं दुखत होती. वय 27. पहाटे चारला दुखण्यानं जाग यायची, उठल्यावर तासभर पाठ लाकडासारखी ताठ. शेतात हिंडायला लागला की हळूहळू मोकळा व्हायचा. आम्ही म्हणायचो, उसण भरली असेल, शेक घे.

श्रावणात तालुक्याच्या मंगल कार्यालयात मणक्याचं मोफत शिबिर लागलं. तिथल्या माणसानं टेबलावरचा प्लास्टिकचा मणका उचलला, लाल रंगवलेली चकती बोटानं बाहेर ढकलली. "गादी सरकलीये. आत्ताच बसवली नाही तर अंथरुणाला खिळाल." मागच्या आजींनाही हेच सांगितलं, त्यांच्यामागच्या ट्रॅक्टरवाल्यालाही हेच. तेव्हाच उठून यायला हवं होतं. घाबरून 18,000 रुपये भरले. तीन महिन्यांच्या पुड्या मिळाल्या. त्यांवर ना नाव, ना घटक. पावतीही नाही.

तिसऱ्या दिवशी दुखणं थांबलं. त्या आनंदात मी आणखी चौघांना तिथं पाठवलं. दोन महिन्यांत भावाचा चेहरा सुजून गोल झाला, साखर वाढली. पुड्या संपल्या आणि तो असा गळाठला की ॲडमिट करावं लागलं. डॉक्टर म्हणाले, पुड्यांत स्टेरॉइड असणार, सोबत वेदनाशामकही. रक्तातलं कॉर्टिसॉल, म्हणजे शरीर स्वतः बनवतं ते स्टेरॉइड, फार खाली गेलं होतं.

पुढे संधिवाततज्ज्ञांनी पहिलाच प्रश्न विचारला, "पडून राहिल्यावर दुखणं कमी होतं की वाढतं?" दोन वर्षांत हे कुणीच विचारलं नव्हतं. स्नायू लचकला तर विसाव्यानं बरं वाटतं, बहुतेकदा काही आठवड्यांत उतरतं. गादीनं नस दाबली तर कळ कुल्ल्यातून गुडघ्याखाली पायात जाते, मुंग्या येतात. भावाचं दुखणं पडून राहिलं की वाढायचं आणि चालल्यावर उतरायचं. एचएलए-बी27 ही जनुकाची रक्ततपासणी पॉझिटिव्ह आली, एमआरआयमध्ये माकडहाडाच्या वरच्या दोन्ही बाजूंच्या सांध्यांना सूज दिसली. अँकिलोझिंग स्पॉन्डिलायटिस, म्हणजे मणक्याचा सुजेचा संधिवात. गादी जागेवरच होती.

अशा पुड्या कुणी घेत असाल तर हे वाचून एकदम बंद करू नका, उरलेली पुडी घेऊन फिजिशियनकडे जा. आणि कंबर दुखत असताना लघवी अडली किंवा जांघेतली जागा बधिर झाली, तर सकाळची वाट बघू नका, त्याच रात्री हॉस्पिटल गाठा.

चौघांपैकी तिघांच्या घरी जाऊन मी हे सांगून आलोय. चौथा दिवाळीनंतर ऊसतोडीला कर्नाटकात गेला, नव्या पुड्या घेऊन. त्याचा फोन लागत नाही.