होल्डन एफजे की एफसी? पन्नासच्या दशकातील गाडी घेण्यापूर्वी

ऑस्ट्रेलियात काही वर्षे काढल्यावर ज्यांना तिथली एखादी जुनी कौटुंबिक गाडी दारात असावी असे वाटू लागते, त्यांच्या तोंडी पहिले नाव बहुधा होल्डन एफजेचेच येते. शोध सुरू केला की तिच्या शेजारी एफसी उभी दिसते आणि मन द्विधा होते. दोन्ही गाड्या एकाच कंपनीच्या, दोन्हींच्या बॉनेटखाली एकाच घराण्यातले इंजिन आणि मधले अंतर जेमतेम पाच वर्षांचे. तरीही या दोन गाड्यांबरोबरचा सहवास अगदी वेगळा असतो आणि तो फरक कागदावरच्या आकड्यांतून पुरता कळत नाही.

एफजेचे आकर्षण समजण्यासाठी थोडे मागे जावे लागते. २९ नोव्हेंबर १९४८ रोजी पंतप्रधान बेन चिफली यांच्या हस्ते मेलबर्नच्या फिशरमन्स बेंड येथे पहिल्या होल्डनचे, म्हणजे ४८-२१५ चे, अनावरण झाले. तोवर ऑस्ट्रेलियन कुटुंबापुढे ठळकपणे दोनच पर्याय असत: अंगाने आणि इंजिनाने लहान ब्रिटिश गाडी, नाहीतर मोठी आणि महाग अमेरिकन गाडी. होल्डन नेमकी या दोहोंच्या मध्ये बसली. तिला स्वतंत्र चॅसी, म्हणजे खालचा सांगाडा, नव्हती, सगळा भार बॉडीच पेलत असे. त्यामुळे वजन सुमारे एक टनावर राहिले आणि त्या वजनाला १३२.५ घनइंचांचे, ६० अश्वशक्तीचे सहा सिलिंडरचे इंजिन मिळाले. कच्च्या रस्त्यावर, चढावर, सहा माणसे बसलेली असताना वारंवार गिअर न बदलता गाडी ओढली जाणे, ही त्या काळी मोठी गोष्ट होती.

ऑक्टोबर १९५३ मध्ये आलेली एफजे म्हणजे हीच गाडी, नव्या चेहऱ्याची. ठसठशीत उभ्या पट्ट्यांची क्रोमची जाळी आणि मागे गोलसर उतरत जाणारी पाठ, एवढ्यावर ती आजही दुरून ओळखू येते. या पाठीमुळेच तिला आणि तिच्या आधीच्या गाडीला लोक ‘हम्पी’ म्हणतात. १९५६ पर्यंत जवळपास १ लाख ७० हजार एफजे तयार झाल्या. म्हणजे ही दुर्मीळतेमुळे मोलाची ठरलेली गाडी नव्हे. ती घरोघरी होती, आणि तिचे मोल आहे ते त्यामुळेच. पेट्रोलपंपावर एफजे उभी केली की कोणी तरी आजोबा जवळ येऊन वडिलांच्या गाडीची गोष्ट सांगणार, हे गृहीत धरावे. २०१७ मध्ये कंपनीचे ऑस्ट्रेलियातील उत्पादन थांबल्यापासून या गोष्टी सांगणाऱ्यांचा स्वर जरा जास्तच हळवा झाला आहे, असे माझे निरीक्षण आहे.

एफसी मे १९५८ ची. तिची बॉडी मूळ १९५६ च्या एफई या मॉडेलची. एफसीने तिच्यावर क्रोमचा आणि दुरंगी रंगसंगतीचा साज चढवला. एफजेपेक्षा ती लांब आणि बसकी दिसते, काच मोठी आणि आत उजेड अधिक. इंजिनाची ताकद सत्तर अश्वशक्तीच्या घरात गेली होती. याच काळात ऑस्ट्रेलियात विकल्या जाणाऱ्या दर दहा गाड्यांपैकी चाराहून अधिक होल्डन असत. तरीही एफसीकडे पाहून माणसे एफजेइतकी थबकत नाहीत, हे मान्य करायला हवे.

खरा फरक गाडी चालवायला घेतल्यावर कळतो. एफजेची विद्युतयंत्रणा सहा व्होल्टची आहे. थंडीच्या सकाळी स्टार्टर आळस दिल्यासारखा फिरतो आणि रात्री हेडलाइटचा प्रकाश पिवळट पडतो. एफईपासून बारा व्होल्ट आले, त्यामुळे एफसीला आजची बॅटरी सरळ बसते. एफजेचे वायपर इंजिनाच्या निर्वातावर चालतात, आणि याचा अर्थ मला एका परिचितांच्या गाडीत बसेपर्यंत नीट कळला नव्हता. मेलबर्नजवळच्या डँडेनाँगच्या डोंगरात चढ लागला, पाऊस वाढला, त्यांनी ॲक्सिलरेटर दाबला आणि नेमके त्याच क्षणी वायपर काचेच्या मध्यावर रेंगाळले. त्यांनी शांतपणे क्षणभर पाय उचलला, वायपर सरसर दोनदा फिरले, मग पुन्हा पाय दाबला. घाट संपेपर्यंत हेच चालले होते. त्यांना यात गंमत वाटते. मागे बसलेल्या त्यांच्या पत्नीला वाटत नव्हती.

काही बाबतींत मात्र दोन्हींमध्ये निवडण्यासारखे काही नाही. दोन्हींचे ब्रेक चारही चाकांना ड्रमचेच, त्यामुळे पुढच्या गाडीपासून बरेच अंतर ठेवावे लागते. दोन्हींना तीनच गिअर आणि तेही स्टिअरिंगलगतच्या दांड्यावर. मुंबईत ज्यांनी वडिलांची जुनी फियाट चालवली आहे त्यांचा हात तिथे आपोआप जाईल, पण पहिल्या गिअरला सिंक्रोमेश, म्हणजे गिअरचे वेग आपोआप जुळवणारी सोय, नसल्याने गाडी पूर्ण थांबल्याशिवाय तो टाकायला जाऊ नये. सीटबेल्ट कारखान्यातून कोणालाच आलेले नाहीत. मुलांना बसवायचे असेल तर पट्टे जाणकार अभियंत्याकडूनच बसवून घ्यावेत आणि तो खर्च किमतीत आधीच धरावा. शिशाविरहित पेट्रोलसाठी व्हॉल्व्हच्या बैठका बदलल्या आहेत का, हेही दोन्हींबाबत विचारावे.

वापर किती होणार, यावर बरेच अवलंबून आहे. व्हिक्टोरिया राज्यात मान्यताप्राप्त क्लबमार्फत जुन्या गाड्यांना वर्षाला ४५ किंवा ९० दिवस चालवण्याचा परवाना मिळतो. पंचेचाळीस दिवस, तेही बहुतेक कोरड्या रविवारी, एवढाच वापर असेल तर एफजेच्या खोड्या सहज सोसता येतात आणि त्यांच्यासाठी तिचा चेहरा सोडून देणे मला तरी शहाणपणाचे वाटत नाही. नव्वद दिवसांचा परवाना घेऊन कुटुंबासह ग्रेट ओशन रोडसारखे लांबचे प्रवास करायचे असतील, तर एफसी घ्यावी. सामान, मुले आणि आजीआजोबा एकत्र न्यायचे असतील तर प्रश्नच उरत नाही. होल्डनची स्टेशन वॅगन एफईच्या काळात, १९५७ मध्ये, प्रथम आली आणि एफसीतही ती मिळते. एफजेमध्ये ती कधीच नव्हती.

मॉडेल ठरले तरी समोरची गाडी कोणत्या अवस्थेत आहे, हे मला त्याहून महत्त्वाचे वाटते. चॅसी नसल्याने दरवाजांखालच्या पट्ट्या आणि जमिनीचा पत्रा गंजला की गाडीचा कणाच खचतो. खिशात लहान लोहचुंबक न्यावे आणि तो पातळ कापडात गुंडाळून त्या पट्ट्यांवरून सावकाश फिरवावा. जिथे तो धरत नाही तिथे रंगाखाली पत्रा नसून लांबी (पुट्टी) भरलेली आहे. रबरी मॅट उचलून दाखवायला सांगावे. बॉनेट उघडल्यावर इंजिन राखाडी असले पाहिजे. लाल दिसले तर ते बहुधा १९६३ नंतरच्या होल्डनचे, मागाहून बसवलेले इंजिन असते. चालवायला ते अधिक जोरकस असते, पण अस्सलपणाची किंमत अशा गाडीला देऊ नये. चांगल्या पत्र्याची एफसी आणि लांबी भरलेली एफजे असा पेच पडला, तर एफजेकडे दुसऱ्यांदा पाहूही नये.

शेवटी, गाडी पाहायला सकाळी जावे आणि ती थंड असतानाच सुरू करायला सांगावी. बॉनेटला हात लावून पाहावा. मालकाने आपण पोहोचण्यापूर्वीच ती गरम करून ठेवली असेल, आणि त्यातही गाडी सहा व्होल्टची एफजे असेल, तर चहा घेऊन निघावे आणि दुसऱ्या दिवशी न कळवता थोडे लवकर जावे.