लिनक्स मिंटवर नऊ महिने : आमच्या घरातल्या जुन्या कॉम्प्युटरचा अनुभव

आमचा कॉम्प्युटर 2016 साली इचलकरंजीतच असेंबल करून घेतलेला. इंटेलचा सहाव्या पिढीचा आय-थ्री प्रोसेसर, 4 जीबी रॅम, 500 जीबीची हार्ड डिस्क. घरात तो एकच, आणि वापरणारे चौघे. मी सातवी ते दहावीच्या मुलांच्या शिकवण्या घेते, त्यामुळे प्रश्नपत्रिका आणि नोट्स टाइप करायला मला रोज लागतो. यांच्या सुताच्या व्यवसायाचा हिशेब त्यावरच. मुलगी आठवीत. आणि सासरे, म्हणजे अण्णा, वय 76, एसटीतून निवृत्त, सकाळी चहाबरोबर ई-पेपर वाचतात आणि दुपारी कीर्तनं ऐकतात.

विंडोज 10 ला मिळणारी सुरक्षेची मोफत अपडेट 14 ऑक्टोबर 2025 ला थांबणार, असे संदेश पडद्यावर येऊ लागले तेव्हा विचार सुरू झाला. विंडोज 11 ला टीपीएम 2.0 ही सुरक्षेची चिप आणि इंटेलचा किमान आठव्या पिढीचा प्रोसेसर लागतो. आमचा बसत नव्हता. वर्षभर मुदतवाढ घेण्याचा मार्ग होता, पण तो प्रश्न पुढच्या ऑक्टोबरवर ढकलणं झालं असतं. दुकानदाराने नवा घ्या म्हणून सांगितलं. चालतं-बोलतं यंत्र भंगारात काढायला माझं मन तयार होईना. म्हणून गेल्या जूनमध्ये विंडोजऐवजी लिनक्स ही मोफत, मुक्त स्रोत सिस्टीम टाकायचं ठरवलं.

लिनक्सचे प्रकार बरेच, त्यातला कुठला टाकायचा, याची जी पद्धत मी वापरली ती आजही मला बरोबर वाटते. एका 32 जीबीच्या पेनड्राइव्हवर व्हेंटॉय हा छोटा प्रोग्राम टाकला. त्यात नुसत्या आयएसओ फाइल, म्हणजे एकेका सिस्टीमची अख्खी प्रत, कॉपी करायच्या, मग कॉम्प्युटर सुरू करताना यादीतून हवी ती निवडता येते. उबुंटू, झोरिन, फेडोरा आणि लिनक्स मिंट अशा चार घेतल्या. या सगळ्या हार्ड डिस्कला हात न लावता थेट पेनड्राइव्हवरून चालवून बघता येतात. आणि खुर्चीत बसवलं अण्णांना. मी सवयीने कुठेही वाट काढली असती, ती परीक्षाच झाली नसती. घरात कॉम्प्युटरला सर्वांत जास्त बिचकणारा माणूस ज्या सिस्टीमपुढे निर्धास्त बसेल, ती घ्यायची, एवढाच निकष.

त्यांना फक्त म्हटलं, "अण्णा, पेपर उघडा." उबुंटूत आयकॉनची पट्टी डावीकडे उभी असते आणि बाकीचे प्रोग्राम वेगळ्या पडद्यावर येतात, तिथे ते थबकले. फेडोरातही तसंच झालं. झोरिन त्यांना आवडलं. ते मुळातच विंडोजची सवय असलेल्यांसाठी आखलेलं आहे. मिंटमध्ये खाली पट्टी, डाव्या कोपऱ्यात मेनू, उजव्या कोपऱ्यात घड्याळ. अण्णांनी न विचारता फायरफॉक्स उघडलं आणि मला म्हणाले, "हे आपलंच आहे की गं." झोरिन आणि मिंट यांच्यात अखेर मिंट निवडलं ते टाइमशिफ्टमुळे, म्हणजे सिस्टीमच्या स्थितीची नोंद ठेवून बिघडल्यावर तिथे परत नेणाऱ्या प्रोग्राममुळे. ते मिंटसोबत आधीच बसवलेलं येतं आणि पहिल्याच दिवशी स्वागताच्या खिडकीत "हे लावून घ्या" असं सांगितलं जातं. त्याचं मोल पुढे कळलं.

मिंट 2006 मध्ये क्लेमाँ लफेव्र यांनी सुरू केलं. ते उबुंटूच्या पायावर उभं आहे आणि उबुंटू डेबियन या आणखी जुन्या लिनक्सच्या. पडद्याची मांडणी वेगवेगळी असलेले त्याचे तीन अवतार मिळतात, सिनॅमन, माटे आणि एक्सएफसीई. जुन्या यंत्राला एक्सएफसीई हलकं पडतं, पण अण्णांनी पाहिलेलं सिनॅमन होतं, म्हणून तेच ठेवलं. मी टाकली ती 22.1 आवृत्ती. पुढे 22.2 आली तेव्हा अपडेट मॅनेजरच्या मेनूतूनच बदलून घेतली, सगळ्या फाइल जागच्या जागी राहिल्या. या 22 च्या मालिकेला 2029 पर्यंत अपडेट मिळणार आहेत.

दोन खर्च केले. 240 जीबीचा एसएसडी, म्हणजे वेगवान डिस्क, घेतला आणि 4 जीबीची एक जुनी रॅम. नव्याने टाकणाऱ्या प्रत्येकाला मी सांगेन की सिस्टीम कुठलीही घ्या, आधी एसएसडी बसवा. आणि उतरवलेल्या आयएसओ फाइलची बेरीज, म्हणजे फाइल मूळचीच आहे ना हे दाखवणारा चेकसम हा आकडा, पडताळा. हे मी उगाच सांगत नाही. फेब्रुवारी 2016 मध्ये मिंटच्याच संकेतस्थळात घुसखोरी होऊन काही काळ लोकांना छेडछाड केलेल्या फाइलचा दुवा मिळत होता. पडताळणीला दोन मिनिटं लागतात.

सिस्टीम बसायला अर्धा तासही लागला नाही. मात्र आमचा यूएसबी वायफाय डोंगल ओळखलाच गेला नाही, आणि नेट नाही म्हणजे ड्रायव्हर उतरवता येत नाही. मोबाइल केबलने जोडून यूएसबी टेदरिंग सुरू केलं, नेट आलं, ड्रायव्हर मिळाला. अण्णांसाठी वेगळं खातं केलं, साधं, म्हणजे त्यातून काही बसवता किंवा काढता येत नाही. अक्षरांचं माप 1.3 पट केलं. त्या दिवसापासून "माझ्याकडून काही बिघडलं तर?" हा त्यांचा रोजचा प्रश्न बंद झाला.

आता मराठी. माझ्यासाठी खरी कसोटी हीच होती, आणि याविषयी नीट लिहिलेलं फार कमी सापडतं. मी आधी इंग्रजी अक्षरं टाइप करून मराठी उमटवायचे. मिंटमध्ये आयबस हा भाषा बदलून टाइप करायचा प्रोग्राम आणि त्यासोबत एम-17-एन हे पॅकेज घेतलं की मराठीचा इनस्क्रिप्ट, म्हणजे भारतीय भाषांचा ठरलेला कळफलक, आणि इंग्रजी अक्षरांवरून चालणारा फोनेटिक असे दोन्ही मिळतात. सुरुवातीचा आठवडा फोनेटिक वापरलं. मग ठरवून इनस्क्रिप्टकडे वळले, कारण तो कळफलक विंडोज, लिनक्स आणि मोबाइल तिन्हीकडे सारखाच असतो. एकदा बोटांत बसला की पुन्हा शिकायला नको. पहिले पंधरा दिवस फार जड गेले. एक पान लिहायला तास लागायचा. दिवाळीपर्यंत जुन्या वेगाला आले.

मराठीत आपल्याला काही गोष्टी हिंदीपेक्षा वेगळ्या लागतात. "दऱ्या", "सुऱ्या", "वाऱ्यावर" यातला अर्धा र. इनस्क्रिप्टमध्ये शिफ्ट धरून इंग्रजी J ची कळ दाबली की नुक्त्याचा ऱ येतो, त्यापुढे हलन्त आणि य दिला की तो बरोबर उमटतो. "आचार्य" आणि "आचाऱ्याला" हा फरक मुलांना शिकवताना प्रश्नपत्रिकेतच चुकला तर शिकवायचं काय? दुसरी गोष्ट ल आणि श यांच्या वळणाची. लिब्रेऑफिसमध्ये पर्यायांत जाऊन कॉम्प्लेक्स टेक्स्ट लेआउटसाठी भाषा मराठी निवडली, की ज्या फॉन्टमध्ये सोय आहे त्यात हे दोन्ही मराठी वळणाने दिसतात, हिंदी वळणाने नाही. हे कळल्यावर मला इतका आनंद झाला की मी जुन्या दहा प्रश्नपत्रिका पुन्हा उघडून बघितल्या. मुंबईच्या "एक टाइप" या फॉन्ट बनवणाऱ्या संस्थेने केलेला, मुक्त परवान्याचा "मुक्त" नावाचा फॉन्ट सध्या माझा नेहमीचा आहे. लिनक्सवर वर्षानुवर्षं सोबत येणारे लोहित फॉन्टही मुक्तच. रेड हॅटने ते 2004 मध्ये खुले केले.

माझ्या 2019 च्या आधीच्या नोट्स मात्र युनिकोड, म्हणजे सगळ्या यंत्रांवर सारखीच वाचली जाणारी अक्षरं, नसलेल्या फॉन्टमध्ये आहेत. त्या उघडल्या की पानभर अगम्य चिन्हं. ती फॉन्टची फाइल दुहेरी क्लिक करून बसवली की वाचता येतं, शोधता येत नाही. सुट्टीत एकेक धडा युनिकोडमध्ये बदलून घेते आहे. हे काम विंडोजवर राहिले असते तरी कधीतरी करावंच लागलं असतं. मेनूंचं मराठी भाषांतर अर्धवट आहे, काही शब्द मराठीत, काही इंग्रजीत. अण्णांना ते गोंधळाचं वाटलं, म्हणून त्यांच्या खात्यात सरळ इंग्रजी ठेवलं आहे. भाषांतरात हातभार लावायची माझी इच्छा आहे, उन्हाळ्यात बघते.

ऑगस्टमध्ये तो प्रसंग आला. रविवारी दुपारी मी अपडेट लावले होते, त्यात कर्नलही, म्हणजे सिस्टीमचा गाभाही, होता. निम्म्यात वीज गेली. आमचा यूपीएस तेव्हा बॅटरी संपून पडलेला. वीज आल्यावर कॉम्प्युटर सुरू केला तर काळ्या पडद्यावर पांढऱ्या ओळी आणि शेवटी "कर्नल पॅनिक". सोमवारी सकाळी दहावीची चाचणी होती आणि प्रश्नपत्रिका त्याच यंत्रात. पोटात गोळा आला.

मोबाइलवर वाचून वाचून कळलं ते असं. मिंट नवा कर्नल टाकताना आधीचा काढून टाकत नाही. सुरू होताना ग्रबचा, म्हणजे काय सुरू करायचं ते विचारणारा, मेनू येतो, त्यात प्रगत पर्यायांखाली आधीचा कर्नल असतो. तो निवडला आणि डेस्कटॉप आला, जसाच्या तसा. आधी प्रश्नपत्रिका पेनड्राइव्हवर घेतली. मग टाइमशिफ्ट उघडलं. जुनी 500 जीबीची डिस्क मी यंत्रातच ठेवली आहे आणि तिचा अर्धा भाग लिनक्सच्या पद्धतीने फॉरमॅट करून रोजच्या नोंदी तिच्यावर साठवते. शनिवारची नोंद निवडली, रिस्टोअर दाबलं, पंधरा-वीस मिनिटांत सिस्टीम शनिवारच्या स्थितीला आली. त्यानंतर तेच अपडेट पुन्हा लावले, व्यवस्थित लागले. मंगळवारी पहिलं काम यूपीएसची बॅटरी बदलण्याचं केलं.

एक लक्षात ठेवा, टाइमशिफ्ट सिस्टीम वाचवतं. तुमचे फोटो आणि कागदपत्रं ते मुळात धरत नाही. त्यांची प्रत वेगळी ठेवावी लागते, मी दर रविवारी बाहेरच्या डिस्कवर घेते.

यांच्या हिशेबाचं सॉफ्टवेअर फक्त विंडोजवर चालतं. विंडोजचे प्रोग्राम लिनक्सवर चालवणाऱ्या वाइनमधून चालवून पाहिलं, पण पैशांच्या कामात "बहुतेक चालतं" एवढ्यावर भागत नाही. म्हणून जुन्या डिस्कच्या उरलेल्या भागात विंडोज 10 ठेवलं आहे, नेट तोडून, केवळ त्या कामापुरतं. यातून एक विचित्र घोळ झाला. दुपारी दोनला केलेल्या बिलावर वेळ सकाळी साडेआठची. लिनक्स यंत्रातल्या घड्याळात ग्रिनिचची वेळ ठेवतं, विंडोज तीच स्थानिक वेळ समजतं, आणि आपला फरक साडेपाच तासांचा. टर्मिनलमध्ये, म्हणजे आज्ञा टाइप करायच्या खिडकीत, एका आज्ञेने लिनक्सला स्थानिक वेळ ठेवायला सांगितलं आणि प्रश्न मिटला. नऊ महिन्यांत टर्मिनल उघडावं लागलं ते चार-पाच वेळाच.

विंडोजची फास्ट स्टार्टअप ही, पूर्ण बंद न होता लवकर सुरू होण्याची, सोयही बंद करा, नाहीतर तिकडच्या फाइल लिनक्समधून नुसत्या वाचता येतात, बदलता येत नाहीत.

प्रिंटरने सर्वांत जास्त त्रास दिला. आमचा जुना लेझर प्रिंटर तीन संध्याकाळी घालवूनही नीट चालला नाही. शेवटी तो भावाला दिला आणि वायफायवर चालणारा घेतला. तो मिंटने काही न विचारता ओळखला. घरात जुना प्रिंटर असेल तर पेनड्राइव्हवरून मिंट चालवून एक पान छापून बघा आणि मगच ठरवा. डिजिटल सहीचा टोकन वापरणाऱ्यांनीही आधी तो चालवून बघावा. चित्रांचं आणि छपाईचं बारीक काम करणाऱ्यांना गिंप आणि इंकस्केप नव्याने शिकावे लागतील, सवय मोडायला वेळ लागतो.

मुलीला कसलीच अडचण आली नाही. तिने सॉफ्टवेअर मॅनेजरमधून स्क्रॅचसारखी प्रोग्रामिंग शिकायची साधनं मागितली, मी पासवर्ड देऊन बसवून दिली. वॉर्पिनेटरने ती फोनमधले शाळेचे फोटो केबल न लावता कॉम्प्युटरवर घेते.

अण्णा आता रोज स्वतः यंत्र सुरू करतात आणि स्वतः बंद करतात. पूर्वी सुरू व्हायला अडीच मिनिटं लागायची, आता चहा ओतेपर्यंत पडदा तयार असतो. गेल्या महिन्यात त्यांनी माझ्याकडून इनस्क्रिप्टचा तक्ता मोठ्या अक्षरात छापून घेतला. एसटीतल्या आठवणी लिहून काढायच्या म्हणतात. काल अडीच ओळी झाल्या, त्यात "गाऱ्हाणं" त्यांनी न विचारता बरोबर उमटवलं.

गडहिंग्लजच्या नणंदेकडे असाच एक जुना कॉम्प्युटर पडून आहे. या रविवारी तो पेनड्राइव्ह घेऊन जाते आहे. तिथे खुर्चीत पहिल्यांदा तिच्या सासूबाईंना बसवणार.